यू यू

पाकिटाच्या पाठीवर लिहिलेली यादी:
घड्याळाचा सेल. विद्याधरची पँट परत करणे.
लायब्ररीचा दंड. औषधं. पासपोर्टचे फोटो.
आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, मेथी.

कीथलीतला शनिवार.
स्पेलिंगवर विश्वास ठेवून पहिली दोन वर्षं
मी भलत्याच गावात राहत होते.

लायब्ररीत दंड निघाला शून्य.
हल्ली आम्ही घेतच नाही, मुलगी म्हणाली,
आणि मी उगाच खट्टू झाले.
हिशेब चुकता करायला आलेल्याला
दारातूनच परत लावावं, तसं.

मग बस स्टँडमागच्या चढावर तो दिसला.
उंच, वाळका, पाठीची कमान वर आलेली,
अंगात चौकड्यांचा कोट, एका बाजूनं सुटलेला,
तोंड पांढरं, पिठाच्या डब्यात नाक घालून आल्यासारखं.
रस्त्याच्या बरोबर मधोमध.
गाड्या थांबलेल्या. हॉर्न कुणी वाजवत नव्हतं,
इथे नुसती स्टिअरिंगवर बोटं वाजवतात.

कुत्र्यांसाठी माझ्याकडे आजवर एकच शब्द होता.
हाड.
सातव्या वर्षी, सांगोल्याच्या सरकारी दवाखान्यात
पोटात चौदा इंजेक्शनं घेऊन कमावलेला.
तो आला, आणि दातांमागे अडला.
त्याच्या मागून दुसरंच काही आलं, माझं नसलेलं.
आमच्या आळीतला शिदू सुतार
रात्री उरलेली भाकरी घेऊन ओट्यावरून साद घालायचा
यू यू यू
आणि अंधारातून आधी डोळे यायचे, मग कुत्री.

यू यू, म्हणाले मी.
व्हॅनमधला पोरगा हसला.
त्याला वाटलं, ही बाई कुत्र्याला इंग्रजीत
तू, तू, म्हणतेय.
म्हणत असेनही.
तो आला.

कोटाचा पट्टा काढून त्याच्या गळपट्ट्यात ओवला.
बिल्ल्यावरचे आकडे झिजलेले,
सुरुवातीचे शून्य आणि सात तेवढे शाबूत,
म्हणजे कुणाचाही नंबर.
चालत राहिलो. कोण कुणाला नेत होतं ते विचारू नका.
तो खाटकापाशी थांबला, मी केमिस्टपाशी.
त्याला घेऊन आत जाता येईना,
म्हणून सुमैराच पुडकं घेऊन बाहेर आली,
सहीसाठी कागद भिंतीवर धरला, खाली बघून म्हणाली,
अगंबाई, ग्रेव्ही! ओल्ड्रॉइडांचा.
वरती, चर्चच्या मागे, हिरवं दार.

हिरवं दार सताड उघडं.
आजोबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर,
एका पायात बूट, दुसरा हातात.
सकाळपासून घालतोय, म्हणाले.
कुणाला तरी शोधायला निघालो होतो.
ग्रेव्हीनं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली,
कुठे होतो वगैरे काही न सांगता.
अच्छा, ते म्हणाले. तुला.

मी खाली बसले. बूट चढवला, नाडी बांधली,
शाळेत जाणाऱ्या पोराची बांधतात तशी, दुहेरी गाठ.
मग ध्यानात आलं, आता त्यांना जायचंय कुठे?
पण बांधलेली सोडवेना.
तेव्हा तिघं फाटकापर्यंत जाऊन आलो.

पाच वाजता फोटोच्या यंत्रात.
गोल स्टूल, नारिंगी पडदा, आतून एक आवाज:
चेहरा कोरा ठेवा. हसू नका.
चारदा नापास झाले.
बाह्यांवर आखूड पांढरे केस,
कोट पुढून उघडा, पट्टा तिकडेच राहिलेला.

मेथीवाल्याचं शटर खाली.

घरी विद्याधरनं यादी हातात घेतली,
बोट फिरवत खाली आला, परत वर गेला.
पँट?
जिन्यावर, म्हणाले मी. हिरव्या दारात.
सोमवारी पुन्हा जावं लागणार.
आणि तोंड वळवून भाताला पाणी घातलं,
गरजेपेक्षा जास्त.